एका हाताने उचलता येईल एवढेच

मालाड पश्चिमेला मामलेदारवाडीच्या परिसरात माझा दवाखाना आहे. होळी उलटली, उन्हे तापू लागली, की दर वर्षी तेथे एका ठरावीक प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. सत्तरीच्या आसपासचे जोडपे, हातात तपासण्यांची जाडजूड फाईल आणि मागणी एकच : "डॉक्टर, मुलाकडे अमेरिकेला निघालो आहोत. सहा महिन्यांची औषधं लिहून द्या." मी औषधे लिहून देतो, रक्तदाब पाहतो, चार सूचना करतो. सहा महिन्यांनी ही मंडळी परततात, नातवंडांची छायाचित्रे दाखवतात आणि उठता उठता बहुतेक जण एक वाक्य बोलून जातात : "सगळं छान होतं हो, पण घराबाहेर पडायचं म्हणजे कुणीतरी गाडीतून न्यावं लागायचं."

ज्यांनी उभा जन्म मालाड ते चर्चगेट लोकलने ये-जा केली, खांद्याला पिशवी अडकवून गर्दीत स्वतःची वाट स्वतः काढली, त्यांना हे परावलंबन बोचणारच. म्हणून मी त्यांना विचारीत असे, "तिकडे आगगाड्या नाहीत का?" उत्तर नेहमी मोघम असे. असतील, पण आम्ही पाहिल्या नाहीत.

गेल्या सप्टेंबरात मी त्या पाहून आलो. आमच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या तुकडीचे स्नेहसंमेलन न्यू जर्सीत होते. ते आटोपल्यावर मित्रांनी पश्चिम किनाऱ्याचे विमानाचे तिकीट काढून देण्याची तयारी दाखवली. मी मात्र पाठीवर एक पिशवी घेऊन, एकट्याने, शहरामागून शहर करीत रेल्वेने गेलो. या प्रवासाचे वर्णन मी करणार आहे. परंतु ते ज्यांच्यासाठी लिहितो आहे ते वाचक बहुधा स्वतः वृद्ध आहेत किंवा घरातल्या वृद्ध माणसाची शुश्रूषा करीत आहेत. मीही त्यांच्यापैकीच एक आहे, आणि या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा भाग घडला तो अमेरिकेत नव्हे, मालाडमध्ये, आईच्या खोलीत.

आईची अट

आईचे वय चौऱ्याऐंशी. चार वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हापासून ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. मधुमेह वीस वर्षांचा जुना. या चार वर्षांत मी दोन रात्रींपेक्षा अधिक काळ मालाड सोडले नव्हते. दवाखान्यात मी इतरांना सांगत असे, "शुश्रूषा करणाऱ्यानेही विश्रांती घेतली पाहिजे." स्वतःच्या बाबतीत मात्र एकच प्रश्न मला घराशी बांधून ठेवत असे : मी नसताना काही झाले तर?

डोंबिवलीची ताई म्हणाली, "मी येऊन राहते अठरा दिवस. तुझ्याशिवाय आई जगणारच नाही असं समजू नकोस." पत्नीची शाळा सुरू होती, आणि आम्ही दोघांनी एकदम घर सोडणे शक्यही नव्हते. म्हणून एकट्यानेच जायचे ठरले. आईची त्याला हरकत नव्हती. तिची फक्त एक अट होती.

आईने फोर्टमधल्या एका विमा कचेरीत एकतीस वर्षे नोकरी केली. सकाळची मालाडची गाडी, बायकांचा डबा, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन परत. निघण्याच्या आदल्या दिवशी तिने माझी भरलेली पिशवी स्वतःच्या पलंगाशेजारी मागवली आणि म्हणाली, "एका हातानं उचलून दाखव. फलाटावर एका हातानं उचलता येईल तेवढंच आपलं सामान. दुसरा हात दांडी धरायला लागतो."

पिशवी अकरा किलोंची होती. ती मला एका हाताने उचलता आली, पण तोंड वाकडे झाले, आणि ते आईच्या नजरेतून सुटले नाही. मग तिच्या देखरेखीखाली सामान बाहेर निघू लागले. बुटांचा दुसरा जोड, दोन जाड पुस्तके, तीन सदरे. शेवटी रक्तदाब मोजण्याचे यंत्र. "तिथे डॉक्टर नाहीत का?" तिने विचारले. पिशवी सात किलोंवर आली.

वैद्यकीय दृष्टीनेही आईचे गणित बरोबर होते. प्रौढ माणसाने पाठीवर वाहायचे ओझे आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवावे, असा सर्वसाधारण सल्ला आहे. साठीनंतर कणा, गुडघे आणि तोल या तिन्ही गोष्टींचा विचार करता त्याहूनही कमी बरे. चाकांची बॅग सपाट जमिनीवर सोयीची असते, पण गाडीच्या पायऱ्यांवर ती उचलावीच लागते, आणि कंबर धरते ती नेमकी तेथेच.

निघण्यापूर्वी मी एक काम केले. एका मोठ्या कागदावर आईची औषधे, त्यांच्या वेळा, जवळच्या रुग्णालयाचा आणि शेजारच्या गल्लीतल्या माझ्या डॉक्टर स्नेह्याचा दूरध्वनी क्रमांक लिहिला. खाली तीन संकटांसाठी तीन छोट्या सूचना लिहिल्या : पडल्यास काय करावे, छातीत दुखल्यास काय करावे, साखर उतरल्यास काय करावे. तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटवला. आई हसून म्हणाली, "परीक्षेचा पेपर दिसतोय."

हडसनच्या काठाने

न्यू जर्सीत रोझेल नावाचे एक गाव आहे. १८८३ साली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजाने निघाली, न्यूयॉर्क बंदरात उतरली आणि या रोझेलमधल्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंच्या घरी राहिली. ती म्हणजे आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी. आज मालाडचे आजी-आजोबा ज्या न्यू जर्सीत मुलांकडे जातात, तेथे ती कुणाच्याही ओळखीच्या वाटेने गेली नव्हती. पुढे ती फिलाडेल्फियाला स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि ११ मार्च १८८६ रोजी तिला पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या.

आनंदीबाईंचे निधन पुण्यात झाले हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या, आणि त्या बाईंनी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली, हे फारसे कुणाला माहीत नसते. ती जागा न्यूयॉर्कच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, पोकिप्सी गावात आहे. ग्रँड सेंट्रल स्थानकातून निघणारी उपनगरी गाडी सुमारे दोन तासांत तेथे पोहोचते आणि तेथेच तिचा मार्ग संपतो.

ही गाडी जवळजवळ सगळा वेळ हडसन नदीच्या काठाने धावते. जाताना डाव्या हाताची खिडकी धरावी. पाणी इतके जवळ असते की क्षणभर आपण नावेत बसल्यासारखे वाटते. डब्यात पंधरा-वीस माणसे. आपल्या सकाळच्या लोकलची सवय असलेल्या माणसाला त्या मोकळ्या बाकांचा आधी संशयच येतो.

पोकिप्सीच्या दफनभूमीत झाडांच्या सावलीत ती साधी शिला आहे. त्यावर आनंदीबाईंचे नाव, नावापुढे एम. डी. ही पदवी आणि १८६५ व १८८७ ही दोन वर्षे आहेत. मी तेथे अर्धा तास बसलो. माझ्याही नावापुढे एक पदवी आहे, आणि ती मिळवण्यासाठी मला चर्चगेटच्या दिशेने जाणारी गाडी पकडण्यापलीकडे काही धाडस करावे लागले नव्हते. क्षयाचे जंतू कॉख यांनी १८८२ मध्ये, म्हणजे ती बोटीत बसण्याच्या आदल्या वर्षी दाखवून दिले होते. त्यावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, यायला मात्र १९४३ साल उजाडावे लागले. आज माझ्या दवाखान्यात क्षयाचा रुग्ण येतो तेव्हा मी त्याला सहा महिन्यांचे औषध पूर्ण करायला सांगतो आणि बहुतेक वेळा तो बरा होतो. एकविसाव्या वर्षी गेलेल्या त्या डॉक्टरला हे पाहायला मिळाले नाही.

बसून काढलेली रात्र

त्याच संध्याकाळी पोकिप्सीलाच मी शिकागोला जाणाऱ्या लेक शोअर लिमिटेड या गाडीत बसलो. अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्या १९७१ पासून अ‍ॅमट्रॅक ही संस्था चालवते. आपल्याकडे एक लोकल चुकली तर चार मिनिटांत दुसरी येते. तेथे या मार्गावर दिवसातून एकच गाडी. शिवाय बहुतेक ठिकाणी रूळ मालगाड्यांच्या कंपन्यांच्या मालकीचे असल्याने प्रवासी गाडीला वाट पाहत उभे राहावे लागते. म्हणून पहिली सूचना ही : ज्या दिवशी अशी गाडी पोहोचते, त्या दिवशीचे विमान कधीही ठरवू नये.

ही रात्र मी बसण्याच्या डब्यात काढली. आसने ऐसपैस असतात, मागे झुकतात, पाय टेकायला आधार असतो. तरीही सोळा-सतरा तास बसणे हे पन्नाशीनंतर शरीराला मानवणारे नाही. पायांच्या खोल शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका चार तास किंवा त्याहून अधिक वेळ बसून केलेल्या प्रवासानंतर साधारण दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधनात आढळले आहे. विमान असो, बस असो वा आगगाडी, नियम तोच. निरोगी माणसात मूळ धोका फार कमी असल्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु ज्यांना पूर्वी अशी गुठळी झाली आहे, ज्यांची नुकती शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना कर्करोग आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

आगगाडीचा मोठा फायदा असा की तिच्यात चालता येते. मी दर तासाला उठून डब्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जात होतो. माझ्या पुढच्या बाकावरचे एक वृद्ध गृहस्थ मात्र पाणीच पीत नव्हते. स्वच्छतागृहात जावे लागेल ही त्यांची भीती होती. आपल्याकडेही असेच असते. पाणी तोडल्याने रक्त दाट होते, बद्धकोष्ठ होते, रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते. पाणी थोडे थोडे, पण प्यावेच. प्रोस्टेटची तक्रार असलेल्या पुरुषांनी आणखी एक पथ्य पाळावे. सर्दीवर मिळणाऱ्या झोप आणणाऱ्या गोळ्या प्रवासात मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी लघवी अडू शकते. झोपेची गोळीही नको. हलत्या गाडीत, अर्धवट गुंगीत, अंधारात स्वच्छतागृहाकडे निघालेला माणूस पडतो, आणि त्या वयातले पडणे म्हणजे काय हे मी घरी पाहिले आहे.

पहाटे जाग आली तेव्हा बाहेर मक्याची शेते होती. सकाळी शिकागो आले. तेथील युनियन स्थानकाच्या १९२५ साली खुल्या झालेल्या भव्य दालनात लांबलचक लाकडी बाके आहेत. त्यांतल्या एकावर बसून मी पायांतले मोजे काढले आणि घोट्यांवरची सूज पाहिली. तेव्हाच पुढच्या गाडीत झोपण्याची खोली घेण्याचा निर्णय केला. वाचकांनाही माझा हाच सल्ला आहे. रात्रीच्या प्रवासात पैसे वाचवायचे तर इतरत्र वाचवावेत.

डोंगरातले दोन तास

एक रात्र शिकागोत विश्रांती घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी कॅलिफोर्निया झेफर या गाडीत बसलो. शिकागोपासून सॅन फ्रान्सिस्कोच्या समोरच्या किनाऱ्यावरील एमरीव्हिलपर्यंत ही गाडी जाते. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, वेळ सुमारे बावन्न तास, दोन रात्री. गाडी दुमजली असते. जिना चढणे ज्यांना जमत नाही त्यांनी तिकीट काढतानाच खालच्या मजल्यावरची जागा मागावी. झोपण्याच्या छोट्या खोलीत समोरासमोर दोन आसने असतात. रात्री सेवक त्यांचा पलंग करून देतो.

संध्याकाळी मिसिसिपी ओलांडली. रात्र सपाट प्रदेशात गेली. सकाळी डेन्व्हर आले आणि तेथून गाडी रॉकी पर्वत चढू लागली. वळणावळणाने ती इतकी हळू चढते की बोरघाटाची आठवण यावी. मग मोफट बोगदा येतो. १९२८ साली वाहतूक सुरू झालेला हा बोगदा सुमारे दहा किलोमीटर लांब आहे आणि समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या दुप्पट. बोगद्यात धूर आत येऊ नये म्हणून एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाऊ नका, असे सांगितले जाते. या उंचीवर मला जिना चढताना किंचित धाप लागली. निरोगी माणसाला तेवढेच. ज्यांचे हृदय कमजोर आहे किंवा ज्यांना दम्याचा वा फुप्फुसांचा जुना विकार आहे, त्यांनी मात्र हा मार्ग निवडण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचा आकडा दाखवावा.

बोगद्यानंतर गाडी कोलोरॅडो नदीच्या सोबतीला येते आणि साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतर तिच्या काठाकाठाने जाते. दोन्ही बाजूंना तांबड्या-पिवळ्या खडकाच्या सरळसोट भिंती, मध्ये नदी आणि नदीलगत रूळ. या दऱ्यांत दूरध्वनीची यंत्रणा चालत नाही. सुमारे दोन तास माझ्या हातातला फोन निकामी होता. मोठ्या काचांच्या डब्यात बसून मी नदी पाहत होतो आणि चार वर्षांत प्रथमच मला त्या फोनची आठवण झाली नाही.

ग्लेनवूड स्प्रिंग्ज जवळ आले तसा फोन जिवंत झाला. ताईचे दोन कॉल हुकले होते आणि चार संदेश होते.

"आईला घाम सुटलाय, नीट बोलत नाही."

"साखर ५२. कागदावर लिहिल्याप्रमाणे तीन चमचे साखर पाण्यातून दिली."

"पंधरा मिनिटांनी ६८. पुन्हा दिली."

"आता ९६. बोलतेय. तुझे डॉक्टर मित्र आलेत. काळजी करू नकोस."

पहिला संदेश आला तेव्हा मालाडमध्ये रात्रीचे अकरा वाजले होते. मी वाचला तेव्हा तेथे दीड वाजून गेला होता. माझी पहिली प्रतिक्रिया उतरून परत फिरण्याची होती. गाडी स्थानकात थांबली, मी पिशवी खांद्याला लावून दाराशी आलोही. पण उतरून काय करणार होतो? डेन्व्हरला परत जायला अर्धा दिवस, तेथून विमान मिळेपर्यंत आणखी काही तास, आणि मालाडला पोहोचेपर्यंत दोन दिवस. जे संकट मला टाळायचे होते ते येऊनही गेले होते आणि निभावलेही होते.

मी ताईला फोन लावला. तिने तो आईच्या कानाशी धरला.

"कुठे आहेस?" आईने विचारले. आवाज थकलेला होता.

"डोंगरात. गाडीत."

"खिडकीशी बसलायस ना?"

"हो."

"मग बस."

गाडी सुटली. मी पिशवी खाली ठेवली.

रोज पाहणे आणि तपासणे

त्या रात्री माझ्या डॉक्टर स्नेह्याशी सविस्तर बोललो. त्यांनी आईला तपासून ताईला तीन साधे प्रश्न विचारले होते. रात्री आई किती जेवते? शेवटचे वजन केव्हा केले? मूत्रपिंडाची तपासणी केव्हा केली?

पहिल्याचे उत्तर : अर्धी पोळी आणि दोन घास भात. दुसऱ्याचे : वर्षभरापूर्वी. तिसऱ्याचे : चौदा महिन्यांपूर्वी. सकाळी त्यांनी वजन केले, तेव्हा ते वर्षभरात सहा किलोंनी उतरलेले आढळले. आणि मी तिला रात्रीच्या जेवणाआधी ग्लिमेपिराइडची तीच मात्रा देत होतो, जी ती दोन पोळ्या खात असताना ठरवली होती. ही गोळी जेवण कमी झाले तरी आपले काम करीतच राहते. मूत्रपिंडांची शक्ती उतरली असेल तर तिचा अंमल अधिकच लांबतो. तिच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा, आकडा ६.३ होता. त्याचा मला अभिमान वाटत असे. एखाद्या परक्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईंचा हा आकडा समोर आला असता तर मी लगेच म्हटले असते, "या वयात इतकी कडक साखर नको. आठच्या आत असली तरी पुरे. उतरलेली साखर वाढलेल्या साखरेपेक्षा लवकर घात करते."

मी आईला रोज पाहत होतो, पण तपासत नव्हतो. रोज पाहणाऱ्याला वजन उतरलेले दिसत नाही, कारण ते रोज थोडे थोडे उतरते. ताईला ते आल्या दिवशीच दिसले होते. तिने मला सांगितलेही होते की आई वाळली आहे, आणि मी "वयाप्रमाणे होतं" असे उत्तर दिले होते. मी घरी असतो तर त्या रात्री साखर मी दिली असती, आई बरी झाली असती, आणि दुसऱ्या दिवसापासून बहुधा तीच गोळी पुन्हा सुरू झाली असती. ती बंद केली एका दुसऱ्या डॉक्टरने, कारण त्या रात्री मी तेथे नव्हतो.

हे लिहायला मला संकोच वाटतो. परंतु शुश्रूषा करणाऱ्या वाचकांसाठी यात काही आहे असे वाटल्याने लिहितो. आपण घर सोडून जाऊ नये असे वाटते त्यामागे माया असते, जबाबदारी असते आणि थोडा अहंकारही असतो, की माझ्यासारखे कुणाला जमणार नाही. आपली विश्रांती ही केवळ आपल्यासाठी नसते. काही दिवस दुसऱ्या माणसाच्या हाती सूत्रे गेली की दुसरे डोळे रुग्णाकडे पाहतात.

झेफरच्या भोजनाच्या डब्यात अनोळखी माणसांना एकाच टेबलावर बसवण्याची पद्धत आहे. त्या रात्री माझ्यासमोर आयोवाच्या एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई होत्या, एकट्याच प्रवास करणाऱ्या. बहिणीला भेटायला रीनोला निघाल्या होत्या. पतीला स्मृतिभ्रंश आहे, दहा दिवसांसाठी त्यांना घराजवळच्या शुश्रूषागृहात ठेवले आहे, असे त्यांनी सांगितले. मी विचारले, "त्यांना तुमची आठवण येत असेल?" बाई काट्याने बटाटा मोडत म्हणाल्या, "मी गेले आहे हे त्यांना कळत नाही. सुरुवातीला मला त्याचंच वाईट वाटायचं. आता त्यामुळेच निघता येतं." मी यावर काही बोलू शकलो नाही. बाईंनी मला स्वतःच्या ताटातला पाव देऊ केला.

समुद्र आणि पुन्हा मालाड

तिसऱ्या दिवशी सिएरा नेवाडाचे डोंगर उतरून गाडी एमरीव्हिलला पोहोचली. तेथून बस खाडीवरच्या पुलाने सॅन फ्रान्सिस्कोत नेते. याच बंदरातून १८८८ च्या अखेरीस पंडिता रमाबाईंनी जपानमार्गे परतीचा प्रवास सुरू केला. अडीच वर्षांहून अधिक काळ त्या अमेरिकेत गावोगावी व्याख्याने देत फिरल्या, मायदेशातल्या विधवांच्या शाळेसाठी साहाय्य मिळवले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन सुरू केले. त्याच वर्षी त्यांचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे मराठी पुस्तक निघाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाचा दिवसही ११ मार्चच होता. बंदराच्या धक्क्यावर उभा असताना मला आमच्या मालाडच्या आजीआजोबांची आठवण झाली. तेवढ्या जुन्या काळी या दोघी ज्या देशात एकट्या वावरल्या, तेथे त्यांनी निदान एका स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत स्वतः जाऊन यायला हरकत नाही.

परत आलो तेव्हा आई खुर्चीत बसली होती. तिने आधी पिशवी उचलायला लावली. "सात किलोच आहे?" तिने विचारले. साडेसात होती. नातींसाठी चॉकलेटे होती. तेवढी तिने चालवून घेतली.

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आईचे वजन भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिले जाते. दर तीन महिन्यांनी तिला मी नव्हे, माझे स्नेही तपासतात. ताई वर्षातून दोनदा आठवडाभर येते आणि मी बाहेर पडतो, मग ते डहाणूपर्यंत का असेना. माझी प्रवासाची पिशवी आईच्या पलंगाखाली असते. तिच्यात तपासण्यांची फाईल, चार दिवसांची औषधे, चष्म्याची जुनी जोडी, दोन गाऊन आणि थोडे पैसे आहेत. अचानक रुग्णालयात जावे लागलेच तर घेऊन निघण्यासाठी. ती भरली आईनेच, माझ्याकडून, पलंगावर बसून सांगत. भरून झाल्यावर तिने ती ताईला एका हाताने उचलून पाहायला सांगितली.

निघण्यापूर्वी : प्रवास करणाऱ्यांसाठी

• सर्व औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात ठेवावीत. सोबत औषधांच्या मूळ नावांची चिठ्ठी असावी. इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात कधीही देऊ नये. तेथे ते गोठून निकामी होऊ शकते.

• अमेरिकेत पश्चिमेकडे जाताना घड्याळ दर टप्प्याला एक तास मागे जाते. इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्याव्यात.

• पासष्ट वर्षांवरील प्रवाशांना अ‍ॅमट्रॅकच्या बहुतेक गाड्यांत दहा टक्के सवलत असते. मोठ्या स्थानकांवर लाल टोपीवाले सहायक सामान गाडीपर्यंत नेऊन देतात. त्यांची मदत घेण्यात कमीपणा नाही.

• प्रवासी विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. लपवलेल्या आजाराचा खर्च नाकारला जाऊ शकतो.

• चालत्या गाडीत एक हात नेहमी मोकळा ठेवून आधाराची दांडी धरावी. झोपायला खालचाच पलंग घ्यावा.

घरी राहणाऱ्यांसाठी

• औषधांचा आणि संकटांचा कागद फ्रिजवर लावावा. तो एकदा मोठ्याने वाचून घ्यावा.

• मधुमेही माणसाला घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवला तर साखर तपासावी. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडाने काहीही देऊ नये, कुशीवर वळवावे आणि ताबडतोब रुग्णालय गाठावे.

• साखर गोळीमुळे उतरली असेल तर ती पुन्हा उतरू शकते. पुढचे चोवीस तास लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

• घरात वजनकाटा असावा, आणि वृद्ध माणसाचे वजन महिन्यातून एकदा लिहून ठेवावे.